वकीलकाकांनी न घातलेलं गाऱ्हाणं

दुसऱ्यानं घातलेलं कच्चं गाऱ्हाणं वकीलकाकांना मुळीच सहन होत नसे. घरात साप निघाला तर ते नुसते पाय वर घेऊन बसत आणि काकीला काठी आणायला सांगत. पण देवळात कुणी नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं आणि त्यात जागेच्या देवाला हाक मारायला विसरला, की काका दुखऱ्या दाढेला थंड पाणी लागल्यासारखे कळवळत. डोळे मिटत, मान हलवत, आणि शेवटी न राहवून मधेच म्हणत, "थांब रे मेल्या, तू सर. माका बोलूक दे."

आमच्या मुलखाबाहेरच्यांसाठी सांगते. देवापुढे नारळ ठेवून, जमलेल्यांच्या देखत, देवाला जे तोंडी निवेदन करायचं आणि ज्याच्या प्रत्येक वळणावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा, ते गाऱ्हाणं. काका ते गावाच्या वतीनं घालत. शाळा चौथीपर्यंत, कोर्टाची पायरी कधी चढले नाहीत, पण देवाकडे सगळ्यांची बाजू मांडतात म्हणून गावानं त्यांना वकील करून टाकलं होतं. मी त्यांच्या शेजारच्या घरातली. आमची वाडी जामसंड्याच्या कडेला, त्यामुळे सकाळी त्यांच्या अंगणात कुणाकुणाचे खटले दाखल होतात ते आमच्या पडवीतून फुकट ऐकायला मिळे.

काकांच्या गाऱ्हाण्याचा मुख्य गुण म्हणजे तपशील. "देवाक पत्तो नीट देवक होयो," ते म्हणत. "मुंबैत तो खंय विचारीत फिरतलो?" म्हणून कुणाचा मुलगा मुंबईला लागला की काकांचं गाऱ्हाणं असं चाले: "बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे नारळ ठेवता हा, तेचो झील मुंबैक गिरणीत लागलो हा. चाळीचो तिसरो माळो, डाव्या हाताची खोली. जिन्याखाली काळो कुत्रो आसा, तो भुकता पन चावना नाय. झिलाची नोकरी टिकू दे, नळाक पाणी येव दे, आणि खानावळीतला खावन तेचा पोट बिघाडला आसात तर ता बरा कर रे म्हाराजा." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत आणि बापाच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. कुत्र्याची माहिती आता योग्य ठिकाणी पोचली होती.

काकांचा दुसरा नियम मात्र कडक होता. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतःचं नाव घ्यायचं नाही. स्वतःचं दुखणं, स्वतःचं शेत, स्वतःचा बैल, काही नाही. एका वादळात त्यांच्या घराची निम्मी कौलं उडाली, तेव्हा ते देवळात गेले आणि त्यांनी अख्ख्या वाडीच्या छपरांसाठी गाऱ्हाणं घातलं. येताना मी विचारलं, "काका, तुमचं छप्पर सांगितलंत की नाही?" तर म्हणाले, "वाडयेत माझा पन घर येता मां. वेगळा कित्याक सांगूक होया?"

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यांची सरकारी मराठी. घरात आणि देवळात मालवणीचा धबधबा. पण मामलेदार, मास्तर, पोस्टमास्तर किंवा एस.टी.चा कंडक्टर समोर आला, की काका छाती पुढे काढून शुद्ध मराठीत शिरत. त्या मराठीत त्यांच्याकडे एकच वाक्य होतं: "उत्तम आहे, साहेब." पावसानं भात आडवं झालेलं असताना पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. काकीनं त्यावर आठ दिवस अबोला धरला. काकांच्या तो तिसऱ्या दिवशी लक्षात आला.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट. मी नर्सिंग शिकून परत आले होते आणि जामसंड्यात एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात काम करत होते. त्या सुमारास काकांना शौचातून रक्त जायला लागलं. त्यांनी ते मूळव्याध ठरवून वर्षभर दाबून ठेवलं. कुणी विचारलं तर उत्तम. अखेर अंगणात चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना मुंबईला नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढला, उरलेली टोकं जोडली. त्या काळी या रोगाचं नाव आमच्याकडे भिंतीलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात घेत. काका मात्र परत येऊन देवळाच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले, "हातभर आतडा ठेवन घेतल्यानी. खंय ठेवल्यानी ता काय सांगूक नाय."

पण गाठीचा काही भाग आत शिल्लक होता, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी एक नवं, परदेशातून आलेलं इंजेक्शन सुरू केलं. पहिला फेरा तिथेच झाला. दुसरा आमच्या दवाखान्यात द्यायचा ठरला, कारण मुंबईत आणखी महिनाभर राहायला काकांनी नकार दिला. त्यांच्या गैरहजेरीत गावात कुणी काय गाऱ्हाणी घातली असतील या विचारानं त्यांना झोप येत नव्हती. बाटल्यांबरोबर डॉक्टरांना पत्र आलं. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की आजही डोळ्यापुढे आहे. चार दिवस रोज द्या. मग एक दिवसाआड. तोंड आलं किंवा जुलाब लागले, की त्या दिवशी थांबवा. म्हणजे औषध किती द्यायचं हे बाटलीवर नव्हतं, ते रोग्याच्या तोंडात होतं. आणि तोंड होतं वकीलकाकांचं.

आमचे डॉक्टर घाटावरचे, तरुण, सज्जन आणि वडीलधाऱ्यांपुढे थोडे लाजणारे. मालवणी त्यांना अर्धी कळे, अर्धी मी सांगे. त्यांनी काकांना समोर बसवून समजावलं: जे भराभर वाढतं त्याला हे औषध मारतं. गाठ भराभर वाढते. पण तोंडातली कातडी, आतड्याचं अस्तर, केस, हेही भराभर वाढतात, म्हणून त्यांनाही झळ लागते. काकांनी नीट ऐकून घेतलं, "उत्तम आहे, साहेब" म्हणाले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हंजे वाढता ता तेका बघवना नाय. आमच्या भावकीतला दिसता."

जे दिसत होतं त्याची काका स्वतःच थट्टा करत. पहिल्या फेऱ्यापासून त्यांचे केस विरळ झाले होते. टोपी काढून ते मला म्हणाले, "बघ गो, न्हाव्याचो धंदो बसयलो मी." इंजेक्शन दिलेली शीर कोपरापासून मनगटापर्यंत कोळशानं रेघ मारावी तशी काळी पडली होती, नखंही काळवंडली होती. "ह्यो हात लग्नाआधी दाखवलो आसतो तर तुझी काकी वाचली आसती," ते म्हणाले. काकी शेजारीच होती. "हात कित्याक होयो?" ती म्हणाली. "तोंड बघून तरी मी खंय शानी झालंय?" जेवणाची चव गेली होती. "बांगडो खाल्लो काय खिळो खाल्लो, कळना नाय." सकाळी मळमळे, त्यावर डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती घेतली की दिवसभर झोप येई. मग काका पायरीवर बसल्या बसल्या पेंगत आणि जागे झाले की आपण चिंतन करत होतो असं सांगत.

हे सगळं ते इतकं रंगवून सांगत की आम्हांला वाटलं, हा माणूस काही लपवत नाही.

पहिल्या चार दिवसांनंतर एक दिवसाआडची इंजेक्शनं सुरू झाली. दर वेळी डॉक्टर विचारत, "पोट कसं आहे?" उत्तम. "तोंड?" उत्तम, आणि काका जीभ बाहेर काढून दाखवत आणि झटकन आत घेत. जीभ स्वच्छ असे. मुंबईत सिस्टर टॉर्च लावून गाल ओढून बघत. आमच्या डॉक्टरांना एवढ्या वयाच्या माणसाच्या तोंडात बोट घालायचा संकोच. आणि मी, शेजारची, त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली, मी तर काय बघणार? सोमवारी असंच झालं. बुधवारी असंच झालं. काकी दोन्ही दिवस बरोबर आली होती आणि दवाखान्याच्या फरशीकडे बघत बसली होती. मला तेही खटकलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी देवळात एकाचं गाऱ्हाणं होतं. मुलगी बाळंतपणाला पुण्याहून येणार, प्रवास सुखाचा होऊ दे, असं साधं प्रकरण. असल्या प्रकरणात काका घाटातली वळणं मोजून देवाला सांगत. त्या दिवशी ते उभे राहिले, ओठ जेमतेम हलवले, "बा म्हाराजा, पोर सुखरूप येव दे," म्हणाले आणि बसले. लोकांना "व्हय म्हाराजा" म्हणायचंसुद्धा सुचेना. मुलीचा बाप घाबराघुबरा झाला. देवाचं आणि वकिलाचं काही बिनसलंय का, अशी कुजबुज सुरू झाली. मी मात्र काकांच्या ओठांकडे बघत होते. ते बोलताना गाल दातांपासून दूर धरत होते.

शुक्रवारी सकाळी मी दवाखान्यात पोचले तेव्हा काका आधीच येऊन बसले होते. नेहमीच्या बाकावर नाही, मागच्या दाराशी, जिथून संडास जवळ पडतो. डोळे खोल गेले होते. मी काकीला बाजूला घेतलं. "काकी, खरं सांग, काय चाललंय?"

"माका शपथ घातल्यानी हा," ती म्हणाली. "एक शब्द बोलाक गावचो नाय."

मी काकांपाशी जाऊन बसले. "काका, त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा ना."

"आपला गाऱ्हाणा आपण घालूचा नाय," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "आणि तेनी एवढ्या लांबसून औषध मागयला. पावण्यान जेवणाक नावा ठेवली तर कसा दिसात?"

एवढ्यात डॉक्टर आले. मी सिरिंज भरून ट्रे हातात घेऊन उभी. "काय काका, पोट कसं आहे?" उत्तम. "तोंड?" उत्तम, जीभ बाहेर, जीभ आत. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि हात पुढे केला. रोग्यानं सांगितलेलं नर्सनं डॉक्टरांसमोर खोडून काढायचं नाही, असं आम्हांला शिकवलं होतं. पण नर्सनं गाऱ्हाणं घालायचं नाही, असं कुणीच शिकवलं नव्हतं. मी ट्रे टेबलावर ठेवला, हात जोडले, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शंकराकडे तोंड करून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो तुझो वकील तुझ्या पायाकडे..."

डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं पुढे मी बऱ्याच रोग्यांकडे बघितलं असेल. काकांनी डोळे मिटले. त्यांना तोंडापेक्षा हे जास्त दुखत होतं, हे स्पष्ट दिसत होतं. आमच्या गावात बाईनं गाऱ्हाणं घातलेलं तोवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि मी तर तेही चुकीचं घालत होते.

"पयलो जागेवाल्याक हाक मार गो," काका पुटपुटले. "थेट मोठ्या देवाकडे खंय चललंस?"

मी जागेवाल्याला हाक मारली. "तर म्हाराजा, ह्या वकिलाच्या तोंडात एक फोड इलो हा..."

"एक?" काकांनी डोळे उघडले. "देवाक खोटो आकडो देवचो नाय. जिभेखाली पाच. गालातले मोजूक येनत नाय."

"...आणि दिवसातसून तीन-चार येळा पोट चलता..."

"तीन-चार काय? चौदा. काल चौदा."

"...परवापासून म्हाराजा..."

"आयतवारापासना," काका म्हणाले, आणि तिथे थांबले. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं होतं. मग काकीनं फरशीवरची नजर उचलली. तिला सांगायची बंदी होती. दुजोरा द्यायची नव्हती. ती सावकाश, पण दाराबाहेरच्या रोग्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"काय म्हणाले ते?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दंडाचा पट्टा सोडला, ट्रे उचलून स्वतः आत नेऊन ठेवला आणि टॉर्च घेऊन आले. या वेळी त्यांनी गाल ओढून बघितला. मग बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजल्या, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा त्यांनी ज्यांना मोजलं त्यांच्याच रंगाचा झाला होता. पेशी फार थोड्या उरल्या होत्या. सोमवारी द्यायला नको होतं, बुधवारी तर नकोच होतं, आणि आजचं गेलं असतं तर पुढे मला व्यक्तिचित्र लिहायला तेवढाच मजकूर मिळाला असता.

काका अकरा दिवस दवाखान्याच्या खाटेवर होते. सलाईन, पेनिसिलीन, जुलाब थांबवायला अफूचा अर्क, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तोंडाला मी दिवसातून तीनदा जांभळं औषध लावत असे. त्यानं ओठ, दात, जीभ, उशी आणि माझी बोटं सगळं जांभळं झालं. पहिले पाच दिवस ताप होता आणि ते शुद्धीत कमी, ग्लानीत जास्त असत. डॉक्टर खाटेशेजारी खुर्ची टाकून बसून राहत. मी दारामागे जाऊन रडून येत असे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तिन्ही दिवशीच्या सिरिंजा मीच भरल्या होत्या. सहाव्या दिवशी काकांनी पेज मागितली, काकीनं वाटी पुढे केली, त्यांनी एक घोट घेतला आणि जांभळं तोंड वाकडं करून म्हणाले, "मीठ खंय आसा हेच्यात?" काकीनं वाटी खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. "आता जगतलो," ती मला म्हणाली. "वाकडा बोलाक लागलो."

बरे झाल्यावर ते माझ्यावर नाराज होते, पण जीव वाचवल्याबद्दल नव्हे. "तुझ्या गाऱ्हाण्यात गावाचा नाव नाय, साल नाय, शेवटाक मागणा नाय," ते म्हणाले. "नुसती माहिती दिलंस. देव म्हणात, मगे मी काय करू?"

मुंबईला पत्र गेलं, मात्रा कमी झाली, आणि काकांनी आणखी काही फेरे घेतले. आता डॉक्टरही शिकले होते. काकांना ते कधी कसं आहे विचारत नसत. खुर्चीत बसत आणि मोडक्यातोडक्या मालवणीत म्हणत, "काल पोट दोनदा चलला, होय ना?" काकांच्या जिवाची घालमेल सुरू होई. मालवणी चुकीची, आकडा चुकीचा. "पाच," ते कळवळून म्हणत. अशी त्यांनी जवळजवळ दोन वर्षं काढली. दोन आंब्याचे मोसम बघितले, देवळात शेकड्यानं गाऱ्हाणी घातली, आणि डॉक्टरांचं लग्न जुळावं म्हणून घातलेल्या एकात मुलीच्या घरचा पत्ता, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसकट, देवाला दिला.

मी पुढे तीस वर्षं नर्सचं काम केलं. आमच्याकडची माणसं दुखणं सांगत नाहीत. बायका तर नाहीच. त्यांना विचारलं की उत्तम असतं. मी विचारणंच सोडून दिलं. खाटेशी जाऊन बसायचं आणि ठोकून द्यायचं, "काल दोन घास जास्त गेले ना?" मग बाई उसळते, "कसले दोन घास? पाणीसुद्धा गेलं नाही." शिकाऊ मुली मला विचारत, सिस्टर, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणत असे, एका वकिलाकडे शिकले.

काकांचं दुखणं परतून आलं ते यकृतात. मुंबईहून उत्तर आलं की आता इंजेक्शनांचा उपयोग नाही, दुखू देऊ नका. मग मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्यांच्या घरी जाऊ लागले. वेदनेसाठी मॉर्फिन होतं. त्यानं दुखणं थांबे आणि पोटही थांबे. "पयला औषध दार उघडा टाकी," काका म्हणाले, "ह्या कुलूप लावता. दोघांची गाठ घालून देवा, म्हंजे मधला काय तरी निघात." डॉक्टरांनी दोन मात्रा लिहून दिल्या होत्या. सोसवत असेल तर लहान, नसेल तर मोठी. कुठली द्यायची ते मी ठरवायचं होतं. मी माझी युक्ती चालवत असे, काका आकडा दुरुस्त करत आणि म्हणत, "माझीच विद्या माझ्यार चालयतंस." पण दुरुस्त करत.

एका सकाळी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकी खाटेच्या पायथ्याशी तांदूळ निवडत होती. मी खाटेवर बसले आणि म्हटलं, "काल झोप लागली ना, काका? दुखलं नाही फारसं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग काकीकडे बघितलं. ती खाली बघून खडे वेचत होती, पण ऐकत होती.

"व्हय गो बाये," ते म्हणाले. "बरोबर सांगतंस. नाय दुखला."

पहिल्यांदाच त्यांनी माझं काही दुरुस्त केलं नव्हतं. मी मोठी मात्रा भरली. काकीनं मान वर केली नाही; पण तिनं सूप बाजूला सरकवलं, ती उठून त्यांच्या उशाशी येऊन बसली, आणि सुईसाठी त्यांची बाही तिनंच वर केली.